गोष्टीला गिऱ्हाईक

२ तारीख, सोमवार

डॉक्टर म्हणाले, सारखी चिंता करता, ती कागदावर उतरवा, म्हणजे डोक्यातून जाईल. म्हणून ही डायरी. ब्लेडच्या कंपनीने फुकट दिलेली आहे, बरीच जुनी. तारखा जुळतात, वार जुळत नाहीत. छापलेला गुरुवार खोडून सोमवार केला. पहिल्याच ओळीत खाडाखोड झाली, पुढे काय होणार कोण जाणे.

सोमवारी दुकान बंद असतं, म्हणून मुलाने आज विषय काढला. माझी खुर्ची काढायची. तिच्या जागी केस धुवायचं भांडं बसवायचं, मान मागे टाकून बसतात तसलं.

"बाबा, हल्ली लोक कटिंगआधी डोकं धुवून घेतात."

"त्यांच्या घरी पाणी येत नाही का?"

"येतं. पण इथे धुवायचे पैसे देतात."

आमचं दोन खुर्च्यांचं सलून. डावीकडे मुलाची, नवी, बटण दाबलं की वरखाली होणारी. उजवीकडे माझी, लोखंडी, पायाने पंप मारायची, चार बोल्टांनी फरशीत आवळलेली. लग्नाआधी घेतली होती. म्हणजे ही खुर्ची मला बायकोपेक्षा जुनी. हे मी बोलून दाखवलं, तर ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि माझ्यापेक्षा जास्त कुरकुरते. तरी तेल तिलाच."

शेवटी मुलगा म्हणाला, "मी काही कसाई नाही. महिनाभर बघू. खुर्चीने तिच्या वाटचं भाडं काढलं तर राहू दे. नाहीतर अठ्ठावीसला फिटर येईल."

मी म्हटलं, "काढेल." म्हटलं खरं, पण काढणार कशी? खुर्ची गेली तर मी दुकानात बसायचं कुठे? बाकावर, गिऱ्हाईकासारखं? आणि घरी बसलो तर ही मला भाजी निवडायला लावणार. गेल्या वेळी मी पानं टाकून देठं ठेवली होती. ते अजून निघतं.

डॉक्टरांना सांगायला हवं, चिंता डोक्यातून गेली नाही. आता ती दोन ठिकाणी आहे.

३ तारीख, मंगळवार

माझ्या खुर्चीत आज तिघं. रिटायर झालेले मास्तर, विमावाला आणि एक नवखा तरुण.

तरुणाने कानाजवळ आरशात पाहिलं, जरा दचकला, मला पैसे दिले आणि उठून मुलाच्या खुर्चीत जाऊन बसला. मुलगा म्हणाला, "बाबा, हे जरा कडेने सारखं करतो." हल्लीची पोरं चंचल. मास्तरही जाताना पाच मिनिटं मुलाच्या खुर्चीत बसतात. मुलाशी बोलायला आवडतं त्यांना.

कात्रीचा दोष आहे. स्वस्तातलं लोखंड, हातात थरथरतं. माझा जुना वस्तरा असता तर गोष्ट वेगळी, पण तो मुलाने धार लावायला दिलाय, मागच्या पावसाच्या आधी. धारवाला मेला की काय, विचारायला हवं.

विमावाल्याचं मला नवल वाटतं. डोकं म्हणजे घासून ठेवलेलं पातेलं. कानामागे चार केस, तेही एकमेकांना ओळखत नाहीत. तरी दर मंगळवारी हजर. "काय कापू?" विचारलं की म्हणतो, "बघा की, असेल ते." माणसाला स्वतःच्या रूपाचा किती सोस असावा!

५ तारीख, गुरुवार

उपाय सापडला. बाकावर जुनी मासिकं पडलेली असतात, त्यातल्या एकात लेख आहे: घरबसल्या कथा लिहा, मानधन मिळवा. मास्तरांनी मोठ्याने वाचून दाखवला. मासिकं पैसे देतात, साप्ताहिकं देतात, मोबाईलवरसुद्धा देतात म्हणे.

मास्तर म्हणाले, "तुम्ही लिहाच. तुमच्याएवढ्या गोष्टी कोणाकडे आहेत?"

खरं आहे. मी सातवीतून शाळा सोडली, पण खुर्चीत बसलेल्या माणसाला गोष्ट सांगितल्याशिवाय कधी सोडलं नाही. अंगावर कपडा टाकला की गोष्ट सुरू. मानेवर मशीन ठेवलं की भुताचा किंवा चोराचा भाग आणायचा, कारण तेव्हा माणसाला हलता येत नाही. आणि मागून आरसा दाखवला की शेवट. मागचा आरसा दाखवल्याशिवाय शेवट सांगायचा नाही, हा माझा नियम.

तेव्हा ठरलं. मासिकाचे पैसे आले की ते खुर्चीच्या भाड्यात धरायचे. आणि आजपासून दुकानात गोष्ट बंद. जो माल विकायचाय तो फुकट वाटणारा दुकानदार मी तरी पाहिला नाही. इतकी वर्षं कटिंगचे पैसे घेतले आणि गोष्ट वर घातली. मूर्खपणा झाला.

९ तारीख, सोमवार

लिहायला बसलो. सुरुवात झकास झाली, पण थांबायचं कुठे ते कळेना. समोर डोकं नाही. किती केस उरलेत ते दिसल्याशिवाय गोष्ट किती उरली हे मला कसं कळणार?

हिला स्टुलावर बसवली, खांद्यावर टॉवेल टाकला.

"अहो, एक केस कापलात तर याद राखा."

"कापत नाही. नुसती बस. गोष्टीचं माप घेतोय."

"माप घ्यायला मी काय झबलं शिवायला टाकलंय?"

पण बसली. हिचे केस कमरेपर्यंत. गोष्ट संपता संपेना, हात दुखून आला. चुलत्याचा चुलता, त्याची म्हैस, म्हशीचा डॉक्टर, सगळे आले. ही मधेच पेंगली. मग विमावाल्याचं डोकं मनात धरून दुसरी लिहिली, ती दीड पानात आटोपली. शेवटी मास्तरांचं डोकं पकडलं. मधे विरळ, कडेने दाट. बरोबर मासिकाला बसेल अशी गोष्ट झाली.

सूनबाईने मोबाईलवर टाईप करून दिली. माझं अक्षर तिला लागेना. "बाबा, हे अक्षर आहे की रेल्वेत बसून लिहिलंय?" पेनही निकृष्ट येतात हल्ली.

१३ तारीख, शुक्रवार

मासिकाच्या संपादकांना फोन लावला. बोलायला गोड माणूस. म्हणाले, गोष्ट पाठवा, सहा महिन्यांत कळवू.

मी घाबरत विचारलं, "आणि मानधन?"

"मानधन असतं ना. अंकाची एक प्रत."

"एक प्रत म्हणजे किती दाढ्या?"

"काय?"

"काही नाही. अहो, मला अठ्ठावीस तारखेला गरज आहे."

"आजोबा, आमच्याकडे लोक छापून येण्यासाठी लिहितात, पैशासाठी नाही."

"तुमचा छापखानावाला कशासाठी छापतो?"

फोन कट झाला. रेंज गेली असावी. पुन्हा लावला तर व्यस्त, आणि दिवसभर व्यस्तच. कामाचा माणूस दिसतो.

१७ तारीख, मंगळवार

मोबाईलवरचंही बघून झालं. सूनबाईने गोष्ट चढवली. वाचक मोजून पैसे देतात. चार दिवसांत वाचक तीन. एक सूनबाई, एक मी, आणि तिसरा कोण म्हणून मी दोन रात्री विचार करत होतो, तर ती सूनबाईची बहीण निघाली. जमलेल्या पैशात ब्लेडचं वेष्टणसुद्धा येणार नाही.

दुकानात मात्र मी नेटाने गप्प आहे. विमावाला आला, बसला, मी कपडा टाकला आणि कानामागचे चार केस शोधायला लागलो. तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला.

"आजही काही नाही का?"

"आहे की. हे दोन डावीकडे, दोन उजवीकडे."

"तसं नव्हे. ते आपलं... मागे तो चोर कौलावर चढला होता."

"चढला होता. तिथेच आहे. तो आता मासिकात उतरेल."

विमावाला एवढासा झाला. पैसे देताना म्हणाला, "पुढच्या मंगळवारी जमेलसं वाटत नाही." केस वाढले नाहीत म्हणून असेल. आता कुठे अक्कल आली.

मास्तरही गेल्या आठवड्यापासून फिरकले नाहीत. बाकावरची नेहमीची मंडळीही दिसत नाहीत. हवेचा परिणाम. या दिवसांत केस हळू वाढतात.

आश्चर्य म्हणजे मुलाच्या खुर्चीतही गर्दी नाही. तो आज दुपारी आरसा पुसत बसला होता. मी म्हटलं, "बघ, भांडं आणतोयस, धुणार कोणाचं?" त्याने पुसणं थांबवून माझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

१९ तारीख, गुरुवार

एक प्रकाशक भेटला. भेटला म्हणजे जाहिरात. निवडक कथांचं पुस्तक काढतोय, माझी गोष्ट एका तासात निवडली. एवढ्या झटपट तर मी दाढीसुद्धा करत नाही. छाती फुगली. मग म्हणाला, सहभागाची रक्कम भरा.

"कोणी भरायची?"

"लेखकाने."

"म्हणजे गिऱ्हाईकाने खुर्चीत बसायचं, आणि पैसे मी त्याला द्यायचे?"

म्हणाला, तुम्हाला साहित्यातलं कळत नाही. असेल. पण धंद्यातलं कळतं.

हिला सांगितलं तर हसत सुटली. म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा!" मी चष्मा चाचपला. नाकावरच होता. हिचंही वय झालं आता, काहीच्या बाही बोलते.

२३ तारीख, सोमवार

आज रोख पैसे देणारा भेटला! केसांच्या तेलाचा धंदा आहे त्याचा. बाटलीबरोबर छोटं पुस्तक देणार आहे, त्यात गोष्ट हवी. टकल्या माणसाची. तेल लावतो आणि शेवटी केस येतात. मानधन जागेवर. आकडा ऐकून मी खाली बसलो. खुर्चीचं भाडं निघून वर हिच्यासाठी काहीतरी येईल.

तेलवाल्याने एक बाटली नमुन्याला दिली. स्वतःच्या डोक्यावर टोपी घालून आला होता, घरातसुद्धा काढली नाही.

२५ तारीख, बुधवार

गोष्ट लिहिली आणि तेलवाल्याला बोलावून वाचून दाखवली. नाव दिलंय 'एक केस'. एका माणसाच्या डोक्यावर एकच केस उरलेला असतो. तो त्याला जिवापाड जपतो. वाऱ्याच्या दिवशी बाहेर पडत नाही. दर आठवड्याला सलूनमध्ये येतो आणि तो एक केस विंचरून घेतो. तेलं लावतो, हजार उपाय करतो. इथवर तेलवाला खूश होता, मान डोलवत होता.

पण पुढे मला काही केल्या केस आणता येईनात. आयुष्यभर टकली पाहिली, त्यावर तेलाने केस आलेला एक माणूस पाहिला नाही. मग एके दिवशी तो शेवटचा केसही गळतो, खुर्चीतच, कपड्यावर. केस कापणाऱ्या कारागिराला दिसतो. तो बोलत नाही, हळूच झटकून टाकतो आणि रिकाम्या डोक्यावर कंगवा फिरवत राहतो, हवेतच कात्री चालवतो. पुढच्या आठवड्यात माणूस पुन्हा येतो. त्यालाही ठाऊक असतं. तोही बोलत नाही. बसतो, ऐकतो, पैसे देतो, जातो.

तेलवाला लाल झाला. "आणि तेल?"

"तेल चांगलं आहे. माझ्या खुर्चीचं कुरकुरणं थांबलं."

दाराबाहेर जाताना टोपी चौकटीला लागून पडली. मी तिकडे बघितलं नाही. धंद्याची सवय.

आता सगळे मार्ग संपले. मूर्ख म्हातारा आहे मी. उगवला असता एक केस तर काय बिघडलं असतं? कागदावरच तर उगवायचा होता.

२८ तारीख, शनिवार

आज घाईत लिहितोय, म्हणून अक्षर असं. रोजच्यापेक्षा वाईट आहे असं सूनबाई म्हणणार नाही.

फिटर सकाळीच आला, पान्हे घेऊन. त्याच वेळी मास्तर दारात. म्हणाले, "शेवटचं बसू द्या की त्या खुर्चीत." त्यांच्या मागे विमावाला. शनिवार असून! आणि नेहमीची मंडळीही. खुर्ची जाणार ही बातमी कोणी फोडली? मुलाकडे पाहिलं तर तो कंगवे धूत होता, धुतलेलेच.

मी मास्तरांवर कपडा टाकला. मनात म्हटलं, आता माल कोणाला विकायचाय? सडून जाण्यापेक्षा वाटलेला बरा. आणि 'एक केस' सुरू केली.

फिटर पहिल्या बोल्टाशी बसला होता. वाऱ्याच्या दिवसाचा भाग आला तेव्हा त्याचा पान्हा थांबला. मुलगा म्हणाला, "काय रे?" तो म्हणाला, "गंजलाय." मग तिथेच मांडी घालून बसला.

मानेशी आलो. नेहमी इथे मशीन लावतो, पण कात्रीने मला दगा दिला, अशी थरथरायला लागली की टोक मास्तरांच्या कानाला लागलं. मास्तर हलले नाहीत. इतक्या वर्षांत ते कधीच हलले नाहीत म्हणा. मुलगा शेजारी येऊन उभा राहिला. माझ्या हातातून कात्री घेतली, हळूच, तान्ह्या पोराच्या मुठीतून घ्यावी तशी. म्हणाला, "तुम्ही बोला, बाबा. कापायचं मी बघतो."

मला राग यायला हवा होता. पण गोष्ट मधे सोडता येत नव्हती, केस निम्मे उरले होते.

केस कपड्यावर गळला, तेव्हा फिटरने आपल्याच डोक्यावरून हात फिरवला. कारागीर हवेत कात्री चालवतो तिथे मास्तर आरशात बघत नव्हते, मान खाली घालून होते. मुलाची कात्रीही थांबली होती. विमावाला आधी हसला, मग डोकं पुसायचा रुमाल काढून डोळे पुसायला लागला. गोष्ट एवढी दुःखाची नाहीये. टकल्या माणसांना लागते बहुतेक.

मागून आरसा दाखवला. शेवट झाला.

मास्तरांनी मुलाला पैसे दिले. मग तेवढेच पैसे माझ्या हातात ठेवले.

"हे कसले? मी एक केस नीट कापला नाही."

"माहितीय मला," मास्तर म्हणाले. "आजचं नाही म्हणत मी."

म्हणजे काय ते मी विचारणार, तोच मागून विमावाला: "ओ, माझा नंबर. आणि तो चोर कौलावरून खाली आणा आधी, बिचारा तीन आठवडे वर बसलाय."

फिटरने पान्हे आवरले. "नाही निघत ते बोल्ट. पुढच्या शनिवारी बघतो." मुलगा म्हणाला, "कशाला? तीन आठवडे बाबा गप्प होते, माझा गल्ला निम्मा झाला." आणि माझ्याकडे न बघता, "भांडं मागच्या खोलीत बसेल."

आधी नाही सुचलं गाढवाला.

पुढचा महिना, ७ तारीख, मंगळवार

खुर्ची आहे. पण चिंता आहेतच. एक गेली की दुसरी, माझ्याकडे कधी जागा रिकामी नसते.

मुलाने नवीच पद्धत पाडली आहे. माणूस आधी माझ्या खुर्चीत बसतो आणि कापायला मुलगा येतो. मी बाजूला उभा राहून बोलायचं. काहीजण तर कापूनही घेत नाहीत, नुसते बसतात आणि उठताना पैसे ठेवून जातात. फिटर शनिवारी आला तो पान्ह्याशिवाय. मुलगा म्हणतो, खुर्चीने भाडं काढलं. कसं काढलं, मला हिशोब लागत नाही. कात्री मी धरत नाही, वस्तरा धारवाल्याकडे. लोक आपले भिडेखातर देत असतील.

काम न करता पैसे घ्यायचे म्हणजे मला रात्री झोप लागत नाही. म्हणून मी एक तोड काढली. जुनी बोथट कात्री मागून घेतली. बोलताना ती कानाशी नुसती हवेत चालवतो, चिक चिक, केसाला न लावता. म्हणजे गिऱ्हाईकाला काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. सूनबाईला सांगितलं तर ती तोंडाला पदर लावून आत पळाली.

मासिकाचं उत्तर नाही. सूनबाई आणखी दोन ठिकाणं शोधणार आहे. एकीकडे म्हणे शब्द मोजून पैसे देतात. बघू. पण खरं सांगायचं तर आशा नाही. इतकी दारं ठोठावली, गोष्टीला पैसे मोजणारा एक माणूस मला भेटला नाही.

असो. विमावाला येऊन बसलाय, घसा खाकरतोय. मंगळवार ना आज. जातो.